शिवेपलीकडचा पंप

पेंडवणे,
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

शिवा,

फाडायचंच असेल तर वाचून मग फाड. फोन तू उचलत नाहीस, गावाचं नाव काढते म्हणून व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक करून ठेवलं आहेस, मग उरला पोस्टमन. बळ्ळारीचा पत्ता कुणी दिला म्हणून घरात आरडाओरड करू नकोस. नम्रता तुझी बायको असली तरी माझी भावजय आहे, आणि तुझ्यापेक्षा तिला माणुसकी जास्त आहे.

बातमी अशी की कौल मिळाला! काल देवळात पाषाणाला तांदूळ लावले आणि परशुरामकाकांचं गाऱ्हाणं संपायच्या आत उजवा दाणा पडला. ढोलवाल्याची काठी उचललेलीच राहिली, इतक्या पटकन. चौदा डिसेंबरपासून गावपळण! बाया आत्तापासून कुलपं शोधू लागल्या आहेत. एरवी कुणाच्या घराला कुलूप असतं इथे?

आणि दुसरी बातमी तुला माहीत असेलच, तरी माझ्या तोंडून ऐक. आपली खाण फेब्रुवारीत सुरू झाली. बारा वर्षांचं पाणी उपसायला तीन महिने लागले. मी पुन्हा लॅबमध्ये आहे, नमुने कुटते, चाळते, पिशव्यांना चिठ्ठ्या लावते. संध्याकाळी हात धुतले की मोरीत तांबडं पाणी वाहतं आणि मला बरं वाटतं. एकशे चाळीस माणसं कामाला लागली आहेत रे. ज्यांची पोरं गोव्याला हॉटेलात बशा धूत होती ती परत येऊन डंपर चालवतात. रोज लोखंडाचं ओर भरून डंपर रेडीला जातात, आणि तिथे बोटीत माल चढतो.

आमच्याकडे सलोनी म्हणून सर्व्हेयर आहे, खारेपाटणची, सव्वीस वर्षांची. तिला गावपळण ठाऊक नव्हती. मी सांगितलं, अगो, दर चार वर्षांनी देव सांगतो तेव्हा अख्खा गाव शिवेबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, बाबुशची डुकरं, सगळी. तीन दिवस गावात चूल नाही, दिवा नाही, माणसाचा आवाज नाही. बाहेर माळावर माडाच्या झापांच्या झोपड्या बांधायच्या, रांधायचं, फुगड्या घालायच्या, भजनं म्हणायची. चौथ्या दिवशी देवाला विचारून परत यायचं. ती डोळे मोठे करून ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "मावशी, आणि खाण?"

तोच प्रश्न आहे, शिवा. तळाला झरे किती जोरात आहेत ते तुझ्याइतकं कुणाला माहीत! तीन दिवस पंप बंद राहिला की पाणी खाणीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढणार. पश्चिमेची भिंत आधीच भिजलेली आहे, ती बसणार. मॅनेजरसाहेबांनी स्पष्ट सांगितलं, भिंत बसली तर यंदाचा हंगाम गेला, आणि हंगाम गेला तर कंपनी इथे राहणार नाही. पंप नुसता सोडून जाताही येत नाही. दर दोन तासांनी गाळ चोंदतो, पाईपाच्या तळाचा फूटवॉल वर काढून धुवावा लागतो. म्हणजे माणूस हवाच. आणि परशुरामकाका म्हणतात, "पंपार बसलेलो माणूस म्हणजे माणूसच. गावात कायएक रवूचा नाय."

मधल्या दोन गावपळणींना ही कटकट नव्हती. खाण बंद, खड्ड्याचं तळं झालेलं, त्यावर बगळे. अडचण आली होती ती फक्त बारा वर्षांपूर्वी, तुझ्या वेळेला. तू काय केलंस ते सगळ्या गावाला पाठ आहे. गाव बाहेर निघायच्या आधीच तू चोरून पंपावर जाऊन बसलास. तुझा जोडीदार बाबुश रोज आडवाटेनं येऊन वरच्या कड्यावरून दोरीनं तुला जेवण सोडत होता. तिसऱ्या दिवशी परशुरामकाकांना खबर लागली. देवळात नारळ ठेवून माफी माग म्हणाले, तर तू म्हणालास, खाण वाचवली त्याची माफी कसली? चार महिन्यांनी परवान्याच्या खटल्यात खाण बंद पडली आणि लोकांनी तेही तुझ्याच नावावर घातलं. तू शपथ घेतलीस की गावाच्या शिवेत पाय ठेवणार नाहीस. आई गेली तेव्हासुद्धा मालवणच्या इस्पितळापर्यंत आलास आणि तिथूनच फिरलास.

कुणी सांगितलं, कसं सांगितलं, ते आता उगाळण्यात अर्थ नाही. बाबुशवरचा राग मात्र सोड. तो चांगला माणूस आहे.

मला एवढंच कळव: त्या तीन दिवसांत एकट्यानं पंप कसा चालवलास? कुठे ठेवलास, पाईप कसा टाकलास? तळाची जाण तुझ्याइतकी कुणालाच नाही. माझ्याशी बोलू नकोस. पंपाबद्दल बोल.

तुझी (तू मान किंवा मानू नकोस) बहीण,
मथुरा


पेंडवणे,
सोमवार, २ डिसेंबर

शिवा रे शिवा,

कुरिअरवाला लॅबच्या दारात येऊन माझं नाव ओरडला तेव्हा माझ्या हातातली चाळण पडली. पाकीट फोडलं. आत एकच कागद, दोन्ही बाजूंनी काढलेला नकाशा. पायऱ्या, झरे, पाईपची लांबी, नटबोल्टची मापं, कुठे कुठला वायसर. "कशी आहेस" एवढे दोन शब्द घालायला शाई संपली होती का? पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आलंच. "फूटवॉलला काथ्याची जाळी बांधा, कापडाची नको" हे वाक्य मी तीनदा वाचलं. जणू रामरक्षाच.

बाबुशला दाखवला. त्याचे केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय, पण पंपाचा फोरमन तोच आहे. कागद हातात घेऊन खूप वेळ बघत राहिला. म्हणाला, "अक्षर बदलूक नाय तेचा." मग माझ्याकडे पाठ करून पाना पुसत बसला. मी दर शनिवारी त्याच्या घरी बांगडे नेऊन देते. त्याची बायको आपोलिना म्हणते, "बाये, कित्याक इतको खर्च करतंस?" मी पिशवी ठेवून निघते.

तुझ्या नकाशाप्रमाणे एकट्यादुकट्यानं पंप चालवायचा तर जागा एकच. पूर्वेचा दगडी कट्टा, जिथे तू त्या वेळी बसलास. तिथूनच तळातल्या पाणी साठायच्या विहिरीपर्यंत पाईप पोचतो, बाकी सगळीकडे चिखल. पाणी उपसल्यावर तो कट्टा जसाच्या तसा वर आला आहे, नुसतं शेवाळ चढलंय.

काल सभा झाली. मॅनेजरसाहेब म्हणाले, बाहेरून दोन परके ऑपरेटर आणतो, ते तर पेंडवण्याचे नाहीत. परशुरामकाका म्हणाले, "भायरचो असो नायतर घरचो, शिवेच्या आत माणूस नको." मग मागून कुणीतरी पुटपुटलं की पूर्वीसारखं गुपचूप एखाद्याला बसवावं. त्यावर बाबुश उठून उभा राहिला. तो सभेत बोलतो का कधी? म्हणाला, "एकदा चोरून बसान बघलंव. काय झाला तां सगळ्यांनी बघलां. परत नाय." माझी मान खाली.

तेवढ्यात सलोनीनं हात वर केला, शाळेत करतात तसा. "काका, पण शीव नक्की कुठून जाते?"

परशुरामकाका हसले. पोरीला शीव ठाऊक नाही! "डोंगराच्या माथ्यार खुंट हुतो, तेच्यावरसून जाता."

"आणि डोंगर कुठे आहे?"

शिवा, तुला सांगते, दोनशे माणसांची सभा आणि सगळ्यांच्या माना एकदम खाणीकडे वळल्या. डोंगर कुठे आहे? डोंगर आपणच खाल्ला की! तुम्ही खणलात, आम्ही नमुने कुटले, रेडीहून बोटी भरून गेला. आपल्या शिवेचा दगड चीनमधल्या कुठल्यातरी पुलात जाऊन बसला असेल. खाणीचं गेट आपल्या गावात, कामाला माणसं आपली, म्हणून अख्खा खड्डा पेंडवण्याचाच असं आपण धरून चाललो. पलीकडे कुंभळवाडी आहे याची कुणाला आठवणच नाही. एकानं इकडे बोट दाखवलं, दुसऱ्यानं तिकडे, तिसरा म्हणाला माझ्या आजोबांनी सांगितलंय, आणि भांडण जुंपलं. मला तर हसूच आवरेना.

सलोनी जुना गावनकाशा काढून मोजणार आहे. तुझा कागद लॅबच्या भिंतीवर चिकटवलाय.

मथुरा


पेंडवणे,
रविवार, ८ डिसेंबर

शिवा,

बस. आधी खाली बस, मग वाच. मी घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नम्रताला विचार.

गुरुवारी मोजणी झाली. नकाशावर शिवेचे दोन खुंट अजून जागेवर आहेत, एक व्हाळाच्या काठच्या सातविणीखाली, दुसरा कुंभळवाडीच्या शाळेमागे. मधला तेवढा आपण खणला. सलोनी म्हणाली, दोन टोकं आहेत ना, मग मधली रेघ कुठे पळून जाते? तिनं यंत्र लावलं. बाबुशनं पट्टी धरली. मी चुन्याची बादली घेऊन मागे. ती हात दाखवेल तिथे मी चुना टाकायचा. खाणीच्या काठावरून सुरुवात केली, मग पहिली पायरी, मग दुसरी, तांबड्या मातीवर पांढरी रेघ खाली खाली चालली. वर काठावर निम्मा गाव जमला होता. जत्रेला नसते एवढी गर्दी.

तिसऱ्या पायरीवर आलो. मी वाकून चुना टाकतेय, आणि बाबुश म्हणाला, "मथुराबाय, वर बघ."

वर बघितलं. कट्टा समोर होता, शिवा. रेघेच्या पलीकडे. अकरा मीटर पलीकडे!

सलोनीनं दोनदा मोजलं. यंत्र हलवून तिसऱ्यांदा मोजलं. कट्टा कुंभळवाडीत आहे. आज नाही, पहिल्यापासून. तू त्या तीन दिवसांत गावात नव्हतासच! सगळा गाव माळावर शिवेबाहेर होता आणि तू खड्ड्यात शिवेबाहेर होतास. कुंभळवाडीच्या जमिनीवर बसून तू पंप चालवलास, कुंभळवाडीच्या जमिनीवर बसून बाबुशच्या हातची भाकरी खाल्लीस. काहीएक मोडलं नव्हतंस. मी बादली टाकून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण वरून बाया म्हणतात की तुझं नाव ओरडले.

परशुरामकाका लगेच वितळले असं समजू नकोस. म्हणाले, "कागदाची शीव सरकाराची. देवाची शीव देवाक इचारूक व्हयी." मला राग आला, पण बरोबरच आहे त्यांचं. आपल्याच देवाला आपण न विचारता कसं चालेल? म्हणून आज सकाळी पुन्हा कौल. देऊळ भरलं, अंगण भरलं, बाबुश आणि आपोलिना चर्चमधून मिस्सा आटपून थेट तिकडेच आले. काकांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा रवळनाथा, म्हाराजा! ह्या चेडवान चुन्यान शीव दाखयल्यान, ती तुका मान्य आसात तर उजवी दी, म्हाराजा!" आणि आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!"

दाणा पडेना. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी देवाला मनात काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही, तो आणि मी बघून घेऊ. मग पडला. उजवा!

ढोल वाजायच्या आधी परशुरामकाकांनी हात वर केला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, काठीवर भार टाकून उभा. म्हणाले, "बारा वर्सां आम्ही एका झिलाक दोष दिलंव. तो शिवेभायरच हुतो. चूक आमची." एवढंच. आणि बसले. मी रडले, सांगायला लाज कसली. कुणीतरी मागून विचारलं की पाईपाचं तोंड तर गावातल्या विहिरीत जाणार, ते चालेल का? काका वैतागून म्हणाले, "पाईप म्हणजे काय माणूस रे?"

आता एकच अडचण. कट्ट्यावर कुंभळवाडीच्या बाजूनं उतरायला वाट नाही. म्हणून उद्यापासून वाट खोदायची आहे, शिफ्ट सुटली की सगळ्यांनी. कुंभळवाडीवाले म्हणाले, आम्हीही येतो, पाणी आमच्या व्हाळात सोडा, आमच्या वायंगणाच्या भाताला होईल. ठरलं.

आणि ऐक. हे मला आत्ता, देवळातून घरी येताना सुचलं आणि मी रस्त्यातच उभी राहिले. तुझी शपथ गावाच्या शिवेत पाय न ठेवण्याची आहे ना? अरे, चौदा तारखेपासून तीन दिवस गावच गावात नाही! सगळं पेंडवणे कुंभळवाडीच्या माळावर असणार, आणि पंपही कुंभळवाडीत. शपथ मोडायची गरज नाही. सावंतवाडीवरून कुंभळवाडीची एस्टी पकड, आपला गाव ओलांडावा लागत नाही.

बाबुश एकट्यानं तीन दिवस काढू शकणार नाही, त्याच्या गुडघ्यात दम नाही. ये. आणि मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती पत्रातून नाही, तोंडावर सांगेन. तू आलास तर.

मथुरा


कुंभळवाडीचा माळ,
शनिवार, १४ डिसेंबर, दुपार

शिवा,

हे पत्र पोस्टात कधी पडेल देव जाणे. आपलं पोस्ट ऑफिस कुलपात आहे आणि पोस्टमन माझ्या शेजारच्या झोपडीत घोरतोय.

सकाळी ढोल वाजला आणि गाव निघाला. काय दृश्य रे! पुढे परशुरामकाका, मागे गुरं, त्यामागे टेम्पोतून भांडी, गाद्या, गॅसच्या शेगड्या. कुणी मांजर पिशवीत घातलेलं, ते गुरगुरतंय. डंपरवाल्या पोरांनी कंपनीच्या टेम्पोला झेंडूची माळ घातली. आपोलिनाला नाताळाची घाई, तिनं नेवऱ्यांचं सगळं सामान आणलंय आणि झोपडीच्या तोंडावर कागदी तारा टांगलाय. बाजूच्या झोपडीत भजनाची पेटी. सलोनी सगळ्यांचे फोटो काढत हिंडते आणि प्रत्येक झोपडीत तिला खायला घालतात. पाचव्या झोपडीनंतर ती माझ्याकडे येऊन लपली.

वाट झाली! साडेतीन दिवसांत झाली. रोज संध्याकाळी साठ-सत्तर माणसं, दोन्ही गावांची, कुदळी घेऊन. लॅबमधल्या आम्ही बायांनी पायऱ्यांना दगड लावले. गुरुवारी पंप उतरवला, दोरखंड बांधून. एका बाजूला पेंडवणे, दुसऱ्या बाजूला कुंभळवाडी, मध्ये तो डिझेलचा बोजा, आणि बाबुश खालून ओरडतोय, "हळू रे, हळू! म्हातारीक घेऊन जातास तसो न्या!" मॅनेजरसाहेबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि दोरीला हात लावला. पांढरा शर्ट गेला कामातून.

आता पंप चालू आहे. मी कट्ट्यावरच बसून लिहितेय, समोर माझीच चुन्याची रेघ. रेघेपलीकडे खाण रिकामी, त्यापलीकडे गाव रिकामा. इतकी शांतता की आपल्या घराजवळचा भारद्वाज इथे ऐकू येतो. आणि इकडे माझ्या पाठीशी माळावर सहाशे माणसांचा गोंगाट.

काळजी आहे. फूटवॉल दोन तासांनी चोंदायचा तो तासाभरात चोंदतोय. बाबुश दर वेळी पंप थांबवून पाईप वर ओढतो, धुतो, परत सोडतो. तोपर्यंत विहिरीतलं पाणी वीतभर चढलेलं असतं. पोरं मदतीला आहेत, पण कुठे काय चुकतंय ते कुणाला कळत नाही. बाबुश गुडघा धरून बसला तर मी म्हटलं, तू विश्रांती घे. म्हणाला, "शिवा आसतो तर आवाजावरसून सांगल्यान आसता."

सकाळपासून तीन गाड्या आल्या, तिन्ही बघितल्या. तू नाहीस. बरं, नसू दे. मी काही

थांब. पंपाचा सूर बदलला. बाबुश धावला.

पुन्हा बंद केला. पाणी भिंतीवरच्या दुसऱ्या खुणेवर गेलं. मी वर जाऊन आणखी दोघांना

शिवा! लिहायचं राहू दे! साडेचारची एस्टी आली, आणि वाटेच्या वरच्या टोकाला नम्रता हात हलवतेय, आणि तिच्या पुढे खांद्याला बॅग लावून पायऱ्या उतरतोय तो


पेंडवणे,
शुक्रवार, २० डिसेंबर

शिवा,

तू परत गेलास त्याला तीन दिवस झाले. तोंडावर सांगेन म्हटलं होतं. तीन दिवस तू समोर होतास आणि माझं तोंड उघडलं नाही. म्हणून शेवटी कागदच.

तू जे जे स्वतः पाहिलंस तेच पुन्हा लिहितेय, पण आता ते माझ्या बाजूनं वाच.

तू उतरलास आणि बारा वर्षांनी पहिलं वाक्य काय बोललास? "आदी फूटवॉल वर काढा. कोणी बांधल्यान ही जाळी, कुंभारान?" सगळे हसले. तू काथ्या सोडवलास, दोन पदरी बांधलास, पाईप हातभर वर घेतलास आणि पंपाला कान लावलास. आणि पंप गायला लागला रे! रात्रीपर्यंत पाणी पहिल्या खुणेखाली. माळावर बातमी पोचली तेव्हा बायांनी फुगड्या धरल्या, मीही धरली, पन्नाशीला आलेली बाई. दुसऱ्या दिवशी परशुरामकाका काठी टेकत एवढ्या पायऱ्या उतरून कट्ट्यावर आले आणि तुझ्यापुढे हात जोडले, आणि तू त्यांना पुरं बोलूही न देता त्यांच्या पायाला हात लावलास. त्या क्षणी मला वाटलं, संपलं सगळं, आला माझा भाऊ घरी.

पण त्या तीन दिवसांत तू आणि बाबुश एकमेकांशी एक शब्द बोलला नाहीत. पाना हवा असला की तू हात पुढे करायचास आणि तो बरोबर तोच पाना ठेवायचा. सोळाचा की अठराचा, विचारावं लागत नव्हतं. मी भाकरी घेऊन यायचे आणि हे बघून ती ठेवून तशीच मागे फिरायचे.

मंगळवारी कौल झाला, गाव परतला. सगळे तुला शिवेपर्यंत घेऊन आले. काका म्हणाले, चल झिला, घरात चल. आणि तू सातविणीखालच्या खुंटाशी थांबलास. म्हणालास, "काकानू, तुमच्यार माझो राग नाय. पण ज्येका मी भाव म्हटलंय तेना चाडी केल्यान, आणि तीन दिवस बाजूक बसान तोंड उघडूक नाय. तो आसा त्या गावात माझा काय काम?"

बाबुश चार पावलांवर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. त्यानं तुझ्याकडे बघितलं नाही, शिवा. माझ्याकडे बघितलं. आणि मग तो आपली डुकरं हाकत पुढे निघून गेला. तू एस्टीकडे वळलास. आणि मी तिथे दगडासारखी उभी राहिले.

बाबुशनं नाही सांगितलं. मी सांगितलं.

त्या वेळच्या गावपळणीत दुसऱ्या दिवशी सावित्रीकाकी, परशुरामकाकांची बायको, माझ्या शेजारी भात वेळून पेज काढत होती. म्हणाली, तुझा शिवा कुठे दिसत नाही, पिऊन पडला असेल मालवणात. मला झोंबलं. तुझ्याबद्दल कुणी काही बोललं की मला झोंबतं, अजून झोंबतं. मी म्हटलं, "माझो भाव पिऊक गेलो नाय गो काकी! खाणीत पंपार बसलो आसा, तुमच्या सगळ्यांच्या पोटासाठी!" छाती फुगवून म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मग भानावर आले आणि तिच्याकडून शपथ घेतली की कुणाला सांगू नकोस. पण नवऱ्यापासून बाई किती लपवणार? काकांनी सभेत तिचं नाव घेतलं नाही, तिनं माझं घेतलं नाही. आणि तुझं गुपित ठाऊक असलेली माणसं दोनच, मी आणि बाबुश. संशयातून तू मला सोडलंस आणि त्याला धरलंस, कारण बहीण असं करणारच नाही अशी तुझी खात्री होती. मी ती खात्री तशीच राहू दिली. आज सांगेन, उद्या सांगेन. आधी तू निघून गेलास, मग आई गेली, मग सावित्रीकाकीही गेली, आणि मला वाटलं आता कुणालाच माहीत नाही.

बुधवारी मी बाबुशच्या घरी गेले. आपोलिना नेवऱ्या तळत होती. तिच्यासमोरच सांगितलं सगळं, हात जोडून. आपोलिनाच्या हातातला झारा खाली आला. बाबुश मात्र हललासुद्धा नाही. म्हणाला, "माका ठावक हुता. सावित्रीकाकीन मराच्या आदी सांगल्यान."

सात वर्षं झाली तिला जाऊन. सात वर्षं त्याला माहीत आहे! मी जवळजवळ ओरडलेच, "मगे बोललंस कित्याक नाय रे? काल शिवेर तो तुका काय काय बोललो!"

त्यानं चष्मा काढला, पुसला. म्हणाला, "तुका एकच भाव, मथुराबाय. माका चार आसत."

मी काल परशुरामकाकांना सांगितलं, लॅबमध्ये सांगितलं, सलोनीला सांगितलं. आता गावात ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. खाण वाचली, काल गावपळणीनंतरचा पहिला डंपर रेडीला गेला, सगळीकडे तुझं नाव निघतंय आणि माझ्याकडे लोक जरा वेगळ्या नजरेनं बघतायत. बघू देत. बारा वर्षांनी मला मोकळा श्वास येतोय.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. पुढची बारा वर्षं माझ्याशी बोलू नकोस, चालेल. पण बाबुशला फोन कर. तो या आठवड्यात दुसऱ्या शिफ्टला आहे, सकाळी घरीच असतो. फोन आपोलिना उचलेल. तिला नाव सांगितलंस की पुरे, ती त्याला हाक मारेल.

मथुरा